हिमनद्यांच्या दारातील रांग

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर हिमनद्यांचे दर्शन घडविणाऱ्या जहाजांचा हंगाम फार थोड्या दिवसांचा असतो. एप्रिलच्या अखेरीस पहिली जहाजे येतात आणि ऑक्टोबरात शेवटची परत फिरतात. खरी वर्दळ मे ते सप्टेंबर एवढीच. या थोडक्या दिवसांसाठी जहाज कंपन्या वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही आधी आरक्षण खुले करतात. ज्या प्रवाशाला जुलैमधील ठराविक आठवडा, ठराविक दर्जाची खोली आणि ठराविक खाडी हवी असते, त्याला आदल्या वर्षीच निर्णय घ्यावा लागतो. दिवाळीच्या सुटीतील गाडीचे तिकीट दोन महिने आधी काढणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला हा सारा प्रकार एक तर श्रीमंतांची हौस वाटेल, नाही तर दलालांनी निर्माण केलेली कृत्रिम घाई. दलालांची घाई त्यात मुळीच नसते असे नाही; पण या टंचाईच्या मुळाशी एक सार्वजनिक निर्णय आहे. तो समजून घेतल्याखेरीज आगाऊ आरक्षणाचा अर्थ कळत नाही.

या किनाऱ्यावरील सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान. तेथील नियम साधा आहे : एका दिवशी दोनपेक्षा अधिक मोठी पर्यटक जहाजे खाडीत शिरणार नाहीत. जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचे दिवस होतात ९२. रोज दोन या हिशेबाने १८४ फेऱ्या व्हावयास हव्यात. परंतु या तीन महिन्यांसाठी २००७ पासून १५३ फेऱ्यांचीच मर्यादा आहे. म्हणजे ऐन हंगामात असे कितीतरी दिवस असतात की त्या दिवशी एकच मोठे जहाज आत जाते. या फेऱ्या उद्यानाशी करार केलेल्या मोजक्या कंपन्यांमध्ये वाटल्या जातात. अलास्काला जाणारे प्रत्येक जहाज ग्लेशियर बेमध्ये जात नाही, हे त्यामुळे ओघानेच येते. आरक्षण करणारा पहिली चूक करतो ती येथेच. जाहिरातीतील ‘हिमनदी-दर्शन’ हा शब्द वाचून तो पैसे भरतो आणि कोणती हिमनदी, हे विचारावयाचे विसरतो.

ही मर्यादा आली कशी, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी या ठिकाणी आले, तेव्हा येथे खाडी जवळजवळ नव्हतीच. मुखापाशीच बर्फाची प्रचंड भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर होडीने तेथे पोहोचले, तोवर बर्फ पन्नास किलोमीटरांहून अधिक मागे हटले होते. १९१६ पर्यंत ते मुखापासून सुमारे शंभर किलोमीटर आत गेले होते. माणसाच्या दोन पिढ्यांच्या स्मृतीत एक संपूर्ण खाडी उघडी पडली, असे उदाहरण जगात विरळाच.

म्यूर यांच्या पाठोपाठ अवघ्या चार वर्षांत, १८८३ मध्ये, पर्यटकांना घेऊन पहिली आगबोट आली. पुढे ही सफर इतकी लोकप्रिय झाली की म्यूर यांचे नाव दिलेली हिमनदी पाहावयास दर उन्हाळ्यात बोटी येऊ लागल्या. सप्टेंबर १८९९ मध्ये झालेल्या भूकंपाने त्या हिमनदीचा मुखभाग ढासळला, खाडी हिमखंडांनी भरून गेली आणि कित्येक वर्षे बोटींना त्या हिमनदीजवळ जाता येईना. निसर्गाने घातलेली ही पहिली बंदी. माणसाने घातलेली बंदी यावयास आणखी ऐंशी वर्षे लागली.

१९२५ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखीव झाला. १९७० नंतरच्या दशकात मोठ्या जहाजांची ये-जा वाढली. उन्हाळ्यात या खाडीत हंपबॅक जातीचे देवमासे अन्नासाठी येतात. १९७८ च्या उन्हाळ्यात ते नेहमीपेक्षा लवकर खाडी सोडून गेले. जहाजांचा आवाज आणि वर्दळ याकडे संशयाची सुई वळली. भक्ष्याची टंचाई हेही कारण असू शकेल, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे होते आणि या प्रश्नाचा निर्विवाद निकाल लागला नाही. तरीही निर्विवाद पुरावा हाती येईपर्यंत थांबावयाचे नाही, आधी वर्दळीला आवर घालावयाचा, असे धोरण ठरले. जहाजांच्या संख्येवर आणि देवमाशांच्या परिसरात त्यांच्या वेगावर निर्बंध आले. १९८० मध्ये स्मारकाचे राष्ट्रीय उद्यान झाले.

हे धोरण सुखासुखी टिकले असे मात्र नाही. १९९६ मध्ये उद्यानाच्या प्रशासनानेच हंगामातील फेऱ्यांची संख्या १०७ वरून १३९ वर नेण्याचे ठरविले. पर्यावरणवादी संघटनेने न्यायालयाचे दार ठोठावले. पर्यावरणावरील परिणामांचा सविस्तर अभ्यास न करता ही वाढ देता येणार नाही, असा निर्णय २००१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने दिला. अभ्यास झाल्यावर वाढ मिळाली ती मिळालीच. परंतु फेऱ्यांची संख्या ही केवळ व्यापाराची बाब नव्हे, तिचे कारण लोकांना सांगावे लागते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. उन्हाळ्यात जॉन्स हॉपकिन्स हिमनदीच्या फाट्यात मोठी जहाजे जाऊ शकत नाहीत, कारण तेथील तरंगत्या बर्फावर सील पिलांना जन्म देतात. तेव्हा जहाजे मार्जरी हिमनदीपुढे थांबतात. प्रवासी किनाऱ्यावर उतरत नाहीत. उद्यानाचे रक्षकच जहाजावर चढतात आणि माहिती सांगतात. जहाज दिवसभर खाडीत फिरते आणि संध्याकाळी बाहेर पडते.

भारतीय प्रवाशाच्या बाबतीत या रांगेत आणखी एक रांग मिळते, ती कागदपत्रांची. तिचे मूळ १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी निशाण लावलेल्या जहाजाने एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असे तो कायदा सांगतो. बहुतेक मोठी पर्यटक जहाजे परदेशी निशाणाची असल्याने त्यांना कॅनडाच्या व्हँकुव्हर किंवा व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागावेच लागते. साहजिकच मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याला अमेरिकेचा व्हिसा पुरत नाही. कॅनडाचाही लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा लागतो. करोनाच्या साथीत कॅनडाने बंदरे बंद केली, तेव्हा हा जुना कायदा किती पक्का आहे याचा सर्वांनाच प्रत्यय आला. २०२० चा हंगाम बुडालाच. २०२१ मध्ये अमेरिकी संसदेने तात्पुरती सवलत देणारा कायदा केला, तेव्हा कुठे काही जहाजे निघू शकली. व्हिसाच्या मुलाखतीसाठी अलीकडच्या वर्षांत अनेक महिने थांबावे लागल्याचा अनुभव हजारो भारतीयांनी घेतला आहे. म्हणून आपल्याकडील प्रवाशाने आधी खोली की आधी व्हिसा, हा क्रम विचारपूर्वक ठरविला पाहिजे. अनामत रक्कम परत मिळण्याची मुदत केव्हा संपते, उरलेली रक्कम कधी भरावयाची, मधल्या काळात व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे बुडतील, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे हाती असल्याशिवाय पैसे भरणे शहाणपणाचे नव्हे.

शिक्षकांची मे महिन्यातील सुटी या बाबतीत उपयोगी पडते. त्या किनाऱ्यावर मे महिना उन्हाळ्याच्या अखेरीपेक्षा कोरडा असतो, डोंगरमाथ्यांवर बर्फ शिल्लक असते आणि भाडेही जुलैपेक्षा सहसा कमी असते. देवमासे मात्र जून ते ऑगस्टमध्ये अधिक संख्येने दिसतात. ज्याला सारेच हवे असेल त्याने काहीतरी गमावण्याची तयारी ठेवावी, हे येथेही खरेच आहे.

वर्षभर आधी केलेल्या योजनेलाही निसर्ग बांधील नसतो. ज्युनो शहराच्या दक्षिणेस असलेल्या ट्रेसी आर्म या खाडीत १० ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे हिमनदीच्या मुखाजवळचा डोंगरकडा कोसळला आणि समोरच्या कड्यावर पाणी चारशे मीटरहून अधिक उंच चढले. त्यानंतर काही कंपन्यांनी २०२६ च्या हंगामातील आपले मार्ग शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे वळविले. ठरलेले स्थळ बदलण्याचा अधिकार कंपन्या करारातच राखून ठेवतात. आरक्षण म्हणजे हिमनदीवरचा हक्क नव्हे. ती केवळ तेथवर जाण्याच्या प्रयत्नाची पावती होय.

आता या व्यवस्थेतील उणीव. उद्यानाची मर्यादा जहाजांच्या संख्येवर आहे, जहाजाच्या आकारावर नाही. दाराशी दोनच गाड्या सोडावयाच्या असे ठरले की गाड्या मोठ्या होतात, हा जगाचा अनुभव. आज एकेका जहाजातून तीन-चार हजार प्रवासी येतात. ज्युनो शहरात हे अधिक प्रखरपणे दिसले. जेमतेम बत्तीस हजार वस्तीच्या या गावात २०२३ च्या हंगामात सोळा लाखांहून अधिक जहाजप्रवासी उतरले. गावाने कंपन्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली. ती अपुरी वाटल्याने २०२६ पासून प्रवाशांच्या संख्येवरच, म्हणजे दिवसाला सोळा हजार आणि शनिवारी बारा हजार अशी मर्यादा मान्य करून घेतली. शनिवारी मोठी जहाजे नकोतच, हा प्रस्ताव मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये मतदारांनी फेटाळला, कारण अनेकांची रोजीरोटी त्या जहाजांवर चालते. जहाजे मोजण्याऐवजी माणसे मोजावीत, हा ज्युनोने शिकलेला धडा ग्लेशियर बेलाही लागू पडतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. दीड वर्ष आधी रक्कम गुंतवून ठेवणे कोणाला परवडते? ज्याची रजा आयत्या वेळी मंजूर होते, ज्याच्या घरी म्हातारे आई-वडील आहेत, त्या कारकुनाला परवडत नाही. संख्येची मर्यादा निसर्गाच्या बाजूने न्याय्य असली तरी ती पैशाने वाटली गेली की माणसांच्या बाबतीत अन्याय्य होते. यावर उपाय मर्यादा उठविणे हा नव्हे. खाडी सर्वांना खुली केली तर ती कोणालाच उरणार नाही. परंतु जेथे जेथे निसर्गस्थळी प्रवेशाची संख्या ठरवावी लागेल, तेथे काही वाटा सोडतीने किंवा अल्पदरात द्यावा, एवढी मागणी तर रास्तच आहे.

शेवटी या खाडीत सर्वांत अधिक काळ कोणी वाट पाहिली, तेही लक्षात घेतले पाहिजे. हूना त्लिंगित लोकांचे पूर्वज येथे राहत होते. अठराव्या शतकाच्या मध्याला पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना गावे सोडावयास लावली. बर्फ हटले, ते मासेमारीसाठी, अंडी गोळा करण्यासाठी पुन्हा येऊ लागले. तोच विसाव्या शतकातील नियमांनी त्यांची वाट अडविली. समुद्रपक्ष्यांची अंडी परंपरेप्रमाणे गोळा करण्याची मुभा देणारा कायदा २०१४ मध्ये झाला आणि बार्टलेट कोव्ह येथे त्यांचे सामुदायिक घर २०१६ मध्ये उभे राहिले. आज त्यांच्यापैकी काही जण जहाजांवर येऊन प्रवाशांना आपल्या भूमीची कहाणी सांगतात. दीड वर्षाच्या प्रतीक्षेने कंटाळलेल्या प्रवाशाने ती कहाणी तरी लक्षपूर्वक ऐकावी. ती सांगणाऱ्यांनी स्वतःच्या घरी परतण्यासाठी अडीचशे वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली आहे.