भाव पाहतो, उतारा कोण पाहणार?

आपल्या समाजाची पेढी पिढ्यान्‌पिढ्या खरेदी-विक्रीवर उभी राहिली. पुढे अनेक कुटुंबांनी पेढीला जोडून कारखाना काढला. जळगाव, अकोला, लातूर या भागांत तो बहुधा डाळमिलचा असतो. कारखाना आला तरी दृष्टी मात्र पुष्कळदा व्यापाऱ्याचीच राहिली. सकाळी प्रथम बाजारभाव विचारला जातो. काल गिरणीत किती तूर गेली व किती डाळ निघाली, हा प्रश्न वर्षाअखेरीस ताळेबंद करताना निघतो. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना हे चित्र मी वारंवार पाहिले. नफा घटला की नव्या यंत्रासाठी कर्ज मागितले जाई. जुन्या यंत्रातून काय गळते आहे, याची नोंद मात्र क्वचितच सापडे.

उताऱ्याचे गणित

टरफल वगळता तुरीच्या दाण्यात सुमारे ८५ टक्के भाग डाळीचा असतो. पारंपरिक पद्धतीच्या गिरणीत प्रत्यक्ष उतारा ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपास राहतो. मधला भाग तुकडा, चुनी आणि पावडर होऊन पशुखाद्याच्या भावाने जातो. समजा, एखादी गिरणी दिवसाला २०० क्विंटल तूर भरडते व वर्षातून ३०० दिवस चालते. म्हणजे वर्षाला ६०,००० क्विंटल. उतारा केवळ एका टक्क्याने वाढला तर ६०० क्विंटल डाळ अधिक मिळते. डाळ आणि चुनी यांच्या भावात क्विंटलमागे ७,००० रुपयांचे अंतर धरले तर ही रक्कम ४२ लाख रुपये होते. बाजारभाव आपल्या हाती नाही. हा एक टक्का मात्र बराचसा आपल्या हाती आहे.

त्यासाठी पहिले साधन वजनकाटा. प्रत्येक लॉटची तूर, डाळ, तुकडा, चुनी, टरफल आणि कचरा स्वतंत्र तोलून रोज एका वहीत लिहावे. सर्वांची बेरीज मूळ वजनाशी ताडून पाहावी. ओलाव्यामुळे थोडी घट येणारच. त्याहून अधिक तफावत असेल तर कारण त्याच दिवशी शोधावे. महिन्याभरातच कोणत्या मालाला, कोणत्या पाळीत आणि कोणत्या रोलरवर उतारा घसरतो, हे वही सांगू लागते.

दुसरी गोष्ट प्रतवारीची. लहान-मोठे दाणे एकत्र सोडले तर लहान दाणा न सोलताच पुढे सरकतो आणि मोठा फुटतो. चाळण्या वेळेवर बदलणे, एमरी रोलरची झीज तपासणे आणि ओलावा अंदाजाने न ठरवता मीटरने मोजणे, या कामांना नव्या यंत्राच्या मानाने नगण्य खर्च येतो.

अडथळा कोठे आहे?

एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली ‘द गोल’ या पुस्तकात मांडलेला विचार साधा आहे: साखळीतील सर्वांत मंद टप्पा जितका माल पुढे सोडेल, तितकेच एकूण उत्पादन होते. पावसाळ्यात तेल-पाणी दिलेली तूर वाळत नसेल, तर रंगानुसार निवड करणारे महागडे यंत्र बसवून डाळ वाढणार नाही. तेथे पैसा वाळवणीवर खर्च व्हावा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने उन्हाऐवजी गरम हवेचा उपयोग करणारी पद्धत विकसित केली, ती याच अडचणीवर. यंत्र का थांबले, किती वेळ थांबले, याचीही वही ठेवावी. पट्टा तुटणे, बेअरिंग तापणे, बारदान संपणे अशी दोन-तीन कारणेच बहुतेक वेळ खातात, असे आढळून येईल. वीजबिलातील पॉवर फॅक्टर दरमहा मालकाने स्वतः पाहावा. तो घसरला की तीच डाळ अधिक खर्चात तयार होते.

वस्तू जागेवर

जपानी कारखान्यांत सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके ही पंचसूत्री पाळतात: नको ते काढणे, हवे ते जागेवर ठेवणे, स्वच्छता, त्यांचा नियम आणि शिस्त. आपल्याला हे परके वाटू नये. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना बाळगायची जागरूकता. तिचा हेतू जीवरक्षेचा आहे, नफ्याचा नव्हे. परंतु त्या जागरूकतेचा अंश गिरणीत आला तर पान्हा शोधण्यात अर्धा तास जात नाही आणि हमालाचा पायही सांडलेल्या तेलावर घसरत नाही.

साठा आणि अहिंसा

तूर हंगामात, मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात, बाजारात येते. म्हणून साठा अपरिहार्य आहे. परंतु गिरणी चालविण्यासाठीचा साठा आणि भाववाढीच्या आशेने धरलेला साठा यांची खाती वेगळी असावीत. अन्यथा तेजीचा नफा गिरणीची अकार्यक्षमता झाकतो आणि मंदीत दोन्ही तोटे एकदम समोर येतात. अनावश्यक साठा ४० लाखांचा असेल तर ११ टक्के दराने वर्षाचे व्याजच ४ लाख ४० हजार रुपये होते.

याहून मोठी किंमत व्याजाच्या खात्यात दिसत नाही. उष्ण हवेत कडधान्यातील भुंगेऱ्याची एक पिढी सुमारे महिन्याभरात पूर्ण होते. माल जितका पडून राहील, तितकी कीड वाढते. मग धुरी देऊन असंख्य जीवांचा संहार करावा लागतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घराच्या गोदामात हे घडते, याचा विचार आपण करणार की नाही? आधी आलेला माल आधी भरडणे, गरजेपुरतेच धरणे, कोरडा माल स्वच्छ गोदामात ठेवणे, यांत हिशेब आणि धर्म एकाच बाजूला उभे राहतात. अपरिग्रह हा केवळ प्रवचनातील शब्द नाही. गोदामातही त्याला अर्थ आहे.

आरंभ कसा करावा?

सर्व एकदम करू नये. पहिला महिना फक्त तोलावे आणि लिहावे. दुसऱ्या महिन्यात मिस्त्री व जुन्या कामगारांना जवळ बसवून वही वाचून दाखवावी. रोलरचा बदललेला आवाज त्यांना मालकाआधी कळतो. उतारा वाढला तर त्या लाभातील वाटा त्यांनाही द्यावा. तिसऱ्या महिन्यात एकच दोष निवडून दूर करावा. यंत्रासाठी कर्ज घ्यायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे. दीपावलीला आपण वहीपूजन करतो. यंदा रोकड-खतावणीच्या शेजारी उताऱ्याची वहीही पूजेला ठेवावी आणि वर्षभर तिच्यात रोज सत्य तेच लिहावे.

जय जिनेंद्र.