गोळी हळूहळू का सोडायची?

नर्मदेकाठचे मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले गाव सरदार सरोवराच्या बुडितामुळे सर्वांना ठाऊक झाले. जलाशयाकाठच्या पाड्यांवरून दवाखान्यात जायचे तर बोट हवी, नाहीतर डोंगराची वाट. अशा ठिकाणी गोळ्या मध्येच संपणे ही किरकोळ गोष्ट नव्हे, आणि काही गोळ्यांच्या बाबतीत तर ती जिवावर बेतू शकते.

राज्यातल्या ज्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे रुग्ण अजून अधिक आढळतात त्यांत नंदुरबार आहे. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात बराच काळ राहतात. काही रुग्णांत रोगप्रतिकारयंत्रणा त्यांवर तुटून पडते. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात, हातापायांची ताकद जाते. याला रिअॅक्शन म्हणतात. नस सुजून चिरडली जाण्याआधी हा दाह थांबवावा लागतो, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. कुष्ठरोगाची मूळ औषधे त्या काळातही चालूच ठेवायची असतात.

प्रेडनिसोलोन हे आपल्याच शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे भावंड आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचे संप्रेरक पाठवून त्यांना तसा हुकूम देते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की हुकूम थांबतो. बाहेरून गोळी आली तरी पीयूषिकेला फरक कळत नाही. तिला वाटते, माल भरपूर आहे. आठवड्यांमागून आठवडे हुकूम न आल्याने ग्रंथीचा तो भाग रोडावतो. (याच ग्रंथीतला क्षारांचे प्रमाण राखणारा थर मुख्यतः मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालतो, म्हणून तो बचावतो.)

आता गोळी एकदम बंद केली तर? बाहेरचा पुरवठा थांबला आणि घरचा कारखाना सुस्त. थकवा, मळमळ, उभे राहताच चक्कर. त्यात ताप, जुलाब किंवा अपघात झाला, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो, कारण अशा वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल कितीतरी वाढवते. शिवाय दबलेला दाह पुन्हा उसळतो तो वेगळाच. दोन्ही धोके निराळे आहेत, आणि रुग्णाला त्यांतला फरक ओळखता येईलच असे नाही.

आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेले बारा आठवड्यांचे वेळापत्रक पाहा: रोज ४० मिलिग्रॅम, मग ३०, २०, १५, १० आणि ५, प्रत्येकी दोन आठवडे. ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर एकूण किती लागतील, हे मुलांना काढायला सांगावे. उत्तर ३३६. बोटीने जाणाऱ्या माणसाला हा आकडा आधीच कळला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

टप्पे मात्र नीट पाहावेत. ४० वरून ३० म्हणजे चौथा हिस्सा कमी. १० वरून ५ म्हणजे निम्मे. शरीराला मिलिग्रॅम नव्हे, प्रमाण जाणवते. शिवाय निरोगी माणसाचे रोजचे कॉर्टिसॉल साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे असते. म्हणजे ४० वरून १० पर्यंत आलो तरी गरजेपेक्षा जास्तच चालले आहे आणि ग्रंथी झोपलेलीच. खरी परीक्षा शेवटच्या पायऱ्यांवर. म्हणून जिथे औषध महिनोन्‌महिने चालते तिथे डॉक्टर १० खाली फार सावकाश, कधी एकेक मिलिग्रॅमने उतरतात. ग्रंथी पूर्ण जागी व्हायला काही महिनेही लागतात. गोळी सकाळी घ्यायला सांगतात तेही यासाठीच: कॉर्टिसॉल स्वभावतःच पहाटे-सकाळी जास्त असते, आणि रात्री घेतलेली गोळी पहाटेचा हुकूम अधिक दाबते.

१९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेले माणूस काही दिवसांत चालू लागले. १९५० मध्ये या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. औषध थांबवताच दुखणे परतते, हेही त्या पहिल्या रुग्णांतच दिसले होते. तिकडे लोकांचे लक्ष उशिरा गेले. आजही सांधेदुखीवर कुठल्यातरी पुडीत स्टेरॉइड मिसळून विकले जाते. बरे वाटते, आणि पुडी संपताच माणूस आडवा होतो. पुडीत काय होते ते त्याला माहीत नसते, आणि त्यामुळे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

ज्याच्या हाती स्टेरॉइडचे पाकीट आहे त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: गोळ्या किती उरल्या, पुढची पायरी कधी, आणि उलट्या झाल्या तर कुणाकडे जायचे? उलटीत गोळी पोटात राहत नाही. त्या दिवशी आत पुरवठा शून्य, आणि गरज मात्र दुप्पट-तिप्पट. अशा वेळी इंजेक्शनवाला दवाखाना गाठावा लागतो, त्याच दिवशी.