शहाद्याची पोर लाटेवर

"मामा, मला सर्फिंग शिकायचंय!" भाचीने हे जाहीर केले तेव्हा आम्ही शहाद्याला, दाजींच्या मळ्यात, पपईच्या बागेत बसलो होतो. आता बोला! नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला तापी आली, नर्मदेचा काठ आला, तोरणमाळचा यशवंत तलाव आला; समुद्र काही आला नाही. सर्वांत जवळचा म्हणजे सुरतेचा. नंदुरबारहून गाडीत बसले की तीन-चार तासांत सुरत. पण ते खंबायतच्या आखाताचे पाणी! गढूळ, चिखलाचे, आणि भरती-ओहोटीची ओढ अशी की भलेभले दबकून असतात. तिथे शिकायचे नाव नको.

खूळ कुठून आले, तर टीव्हीवरून. ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळनाडूत महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली आणि रमेश बुदिहाळने खुल्या गटात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत भारताला वैयक्तिक पदक मिळाले ते पहिल्यांदाच. पोरीने ती बातमी पाहिली आणि तिच्या डोक्यात लाट शिरली.

दाजी काहीच बोलले नाहीत. उठले आणि पाण्याची मोटार बंद करायला निघून गेले. मोटार बंदच होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होते. त्यांचा थोरला भाऊ शाळकरी वयात प्रकाशाजवळ तापीत बुडाला. तेव्हापासून त्या घरात कोणी पोहायला शिकले नाही. मळ्यात पन्नास फूट खोल विहीर, आणि घरातल्या एकाही मुलाला पाण्यात हात मारता येत नाही! मला हे कायम उलटे वाटत आले आहे. पाण्याने माणूस नेला म्हणून पोहणे बंद करायचे, की शिकवायचे? पण ज्याचा भाऊ गेला त्याला हे ऐकवणार कोण?

त्या रात्री मी त्यांना रेलू वसावेंची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यातली, अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीची अंगणवाडी सेविका. सरदार सरोवराच्या फुगवट्याने तिथले पाडे पाण्यापलीकडे गेले आहेत. २०२० साली कोरोनाच्या भीतीने पाड्यांवरच्या बायका-मुले अंगणवाडीकडे फिरकेनात, तेव्हा या बाईने मासेमारीची छोटी होडी मागून घेतली आणि रोज सुमारे १८ किलोमीटर वल्हवत बाळांची वजने करायला, गरोदर बायकांना आहार द्यायला ती जाऊ लागली. हे जमले, कारण लहानपण नर्मदेच्या काठी गेलेले. पोहणे आणि वल्हे दोन्ही अंगात भिनलेले. दाजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "आधी विहिरीत शिकू दे. मग बघू."

म्हणजे भाचीची पहिली फळी सर्फिंगची नव्हतीच. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला काहीतरी तरंगते बांधतात. कुठे वाळलेला भोपळा, कुठे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, पुढे डालड्याचा रिकामा डबा. आणि गंमत पाहा, सर्फिंगचे माहेर म्हणजे प्रशांत महासागरातली हवाई बेटे. तिथले लोक आपल्या लांबलचक फळ्यांसाठी विलिविली नावाच्या झाडाचे लाकूड वापरत, कारण ते वजनाला अगदी हलके. हे विलिविली आणि आपला पांगारा, दोघेही एरिथ्रिना या एकाच प्रजातीतले! हवाईचा ड्यूक कहानामोकू हा १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारा गडी. १९१४-१५ च्या सुमारास तो सिडनीला गेला, तिथेच मिळालेल्या पाइनच्या लाकडाची फळी स्वतः तासून त्याने लाटेवर उभे राहून दाखवले आणि ऑस्ट्रेलियाला वेड लावले. ती फळी तिथल्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावरच्या क्लबाने अजून जपून ठेवली आहे.

दिवाळीनंतर तीन महिने विहीर झाली. फेब्रुवारीत आम्ही गोव्याला, उत्तरेच्या मोरजी-अश्वे भागात. दाजीही आले. पाण्यात उतरायला नव्हे, पहारा द्यायला!

पहिल्या दिवशी मी मूर्खपणा केला. किनाऱ्यावरच्या एका दुकानात सहा फुटी, टोकदार, चकचकीत फळी होती. पोरीला आवडली, दुकानदार म्हणाला "घ्या", मी घेतली. सकाळभर ती एकदाही तीवर नीट आडवीसुद्धा होऊ शकली नाही. फळी बुडे, कलंडे, आणि शेवटी उसळून हनुवटीवर बसली. रक्त आले. दाजींनी माझ्याकडे जे पाहिले ते अजून आठवते.

दुपारी एका शिकवणाऱ्या पोराने हिशेब समजावला. फळी किती लिटरची, हे आधी विचारायचे. लिटर म्हणजे तिचे आकारमान, आणि जितके लिटर तितके किलो वजन, फळीचे स्वतःचे धरून, ती पाण्यावर तोलून धरते. आर्किमिडीजचे शाळेतले तत्त्व, दुसरे काही नाही. भाची ४६ किलोची, फळी तीसेक लिटरची. कशी तरंगणार? कसलेल्या सर्फरला अशी छोटी फळी चालते, कारण वेगामुळे पाणीच त्याला उचलून धरते. शिकाऊ माणसाला निदान आपल्या वजनाइतके लिटर हवेत, आणि खरे तर त्याहून बरेच जास्त. मोठ्या माणसाला आठ-नऊ फूट, मुलाला सात-आठ. रुंद, जाड आणि वरून मऊ फोमची, म्हणजे हनुवट्या शाबूत राहतात. विकत घेण्याच्या फंदात तर पडूच नये. पहिले काही महिने भाड्याची बरी. शिकता शिकता आवड बदलते, फळीही बदलते.

दुसऱ्या दिवशी आठ फुटी निळी फळी आली. पाण्यात जाण्याआधी वाळूत तासभर कवायत. पाठीमागून कोणी हलकेच ढकलले की जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा. फळीची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला. फळीवर पालथे पडायचे ते असे, की तिचे टोक पाण्याच्या दोन-तीन बोटे वर राहील. फार पुढे सरकलात तर नाक पाण्यात घुसते, फार मागे सरकलात तर लाट खालून निघून जाते. तळवे बरगड्यांशी, एका दमात उठायचे, गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्याकडे. पायाकडे पाहिले की पडलेच समजा. पडायचे तेही अंग पसरून, डोके दोन्ही हातांत धरून. आणि लाट व आपण यांच्यामध्ये फळी आडवी कधी धरायची नाही. हे शेवटचे मात्र त्याने चार वेळा सांगितले.

कंबरभर पाण्यात, आधीच फुटून पांढऱ्या झालेल्या लाटांवर सारे शिक्षण चालते. खोल जायची गरजच नाही. मग तो दाजींकडे वळला, त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले असावे. दोन लाटांच्या मध्ये जिथे पाणी शांत दिसते तिथे बहुधा आत ओढणारा प्रवाह असतो, हे त्याने बोटाने दाखवले. तिथे सापडलो तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचे नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे. जीवरक्षकाचे लाल निशाण असेल तिथे उतरायचे नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच. दाजी म्हणाले, "तापीतही असंच असतं का?" पोराला तापी कुठली माहीत असणार! मी म्हणालो, "नदीत ओढ खालच्या अंगाला नेते. तिथंही तिच्याशी भांडायचं नसतं, तिरपं काठाला लागायचं." दाजी गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो उलट्या दिशेनं पोहत होता. घाटाकडं."

चाळीस वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमारास, भाची उभी राहिली. मोजून तीन आकडे होईपर्यंत. मग आडवी. वर आली ती नाकातोंडात पाणी आणि हसू घेऊन. दाजी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. केव्हा उतरले, कोणी पाहिले नाही.

पुढची खेप पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात ठरली आहे. गच्चीवर खडूने आठ फुटी फळी आखून पोरीचे रोज वीस वेळा पडणे-उठणे चालते. खाली झोपणाऱ्या आजीची तक्रार आहे. दाजींची अट एकच : त्याआधी विहिरीत न थांबता पंधरा मिनिटे पोहून दाखवायचे. परवा त्यांचा फोन आला. पाठीला बांधायला डालड्याचा डबा कुठे मिळेल का, विचारत होते. मी म्हटले, "पोरीला आता कशाला हवा?"

"तिला नको. माझ्यासाठी," दाजी म्हणाले. "डबा नसेल तर तो पाण्याचा वीस लिटरचा जार चालेल का, तेवढं सांगा."