जुन्या डिझेल स्टेशन वॅगनचे मोल

झाशीहून खजुराहोकडे जाणाऱ्या मार्गावर बरुआसागर हे गाव लागते. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला विस्तीर्ण तलाव आणि त्याच्या काठावरील किल्ला ही या गावाची जुनी ओळख होय. नित्याच्या व्यवहारात मात्र ते प्रसिद्ध आहे आपल्या आल्यासाठी आणि भाजीपाल्यासाठी. अशा गावात मोटारीला दोन कामे करावी लागतात. सकाळी तिने आल्याची पोती बाजारात पोहोचवावीत आणि सायंकाळी सारे कुटुंब घेऊन लग्नाला जावे, अशी मालकाची अपेक्षा असते. ही दोन्ही कामे करणारे वाहन म्हणजे डिझेलवर चालणारी स्टेशन वॅगन.

स्टेशन वॅगन म्हणजे अशी मोटार, की जिचे छत मागील दारापर्यंत सरळ गेलेले असते आणि मागची आसने दुमडली असता सामानासाठी प्रशस्त जागा मोकळी होते. काटेकोर अर्थाने या वर्गात बसणारी 'टाटा इस्टेट' १९९२ मध्ये बाजारात आली. परंतु खेड्यापाड्यांत या वाहनाची जागा घेतली ती अधिक उंच आणि दणकट गाड्यांनी. त्यांपैकी 'सुमो' १९९४ मध्ये पुण्यात तयार होऊ लागली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले गेले. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. २००० साली आलेली 'बोलेरो' ही नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी. महाराष्ट्रात जन्मलेल्या या गाड्यांचे उत्तरायुष्य पुष्कळदा बुंदेलखंडासारख्या दूरच्या मुलखात जाते. तेथे त्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती पडतात. त्या मालकाने मोजलेली रक्कम ही बहुधा दोनतीन हंगामांची बचत असते. म्हणून जुन्या गाडीचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. तो एका घराच्या शिलकीचाही आहे.

वयावरून किंमत ठरत नाही

नव्या गाडीची किंमत वयाबरोबर कशी उतरते, यासाठी विमाव्यवहारात एक ठरलेले कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षअखेरीस १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरून गाडीचे विमामूल्य काढतात. परंतु पाच वर्षांनंतर हे कोष्टक संपते. त्यापुढील मूल्य विमा कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवावे, एवढेच नियम सांगतो.

या नियमात एक व्यवहारज्ञान दडलेले आहे. पाच वर्षांपर्यंत एकाच नमुन्याच्या गाड्या बऱ्याचशा सारख्या असतात. त्यानंतर त्यांच्या वाटा फुटतात. एक गाडी डॉक्टरांच्या दारात उभी राहिलेली असते, दुसरीने खाणीच्या रस्त्यावर प्रवासी वाहिलेले असतात. दोघींचे वय बारा वर्षे असले तरी त्यांचे उरलेले आयुष्य सारखे नसते. जुन्या गाडीचे मोल म्हणजे तिच्या या उरलेल्या आयुष्याचे मोल होय. हे आयुष्य दोन प्रकारचे असते : एक यंत्राचे आणि दुसरे कागदपत्रांचे. त्यांपैकी जे आधी संपेल, तेवढ्याचेच पैसे द्यावयाचे असतात.

इंजिनाची परीक्षा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याच्या दाबाने सोळा ते बावीस पट आक्रसली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात हे प्रमाण साधारणपणे आठ ते अकरा पट एवढेच असते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एवढा दाब सोसण्यासाठी डिझेल इंजिन जाडजूड घडवावे लागते. म्हणून ते दीर्घकाळ टिकते. आणि दाब हाच त्याचा प्राण असल्यामुळे, सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजून दाब गळू लागला, की इंजिनाचे आयुष्य संपत आले असे समजावे.

म्हणून परीक्षा थंड इंजिनावरच करावी. गिऱ्हाईक येण्यापूर्वीच गाडी सुरू करून गरम ठेवण्याची युक्ती जुनी आहे. प्रथम बॉनेटखाली हात नेऊन इंजिन खरोखर थंड आहे की नाही हे पाहावे. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे एकदोन प्रयत्नांत सुरू झाली, तर दाब शाबूत असल्याचे ते पहिले लक्षण. मात्र उन्हाळ्यात थकलेले इंजिनही सहज सुरू होते. थंडीतली पहाट ही अधिक कठोर परीक्षक होय.

त्यानंतर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेले नोझल हे त्याचे कारण असू शकते आणि त्याची दुरुस्ती आवाक्यातील असते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. हा झिजेचा पुरावा होय. पांढरा धूर सुरुवातीला क्षणभर दिसला तर चिंता नाही. तो टिकून राहिला तर इंधन न जळता बाहेर पडत आहे, किंवा हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे, असे मानावे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहणे ही आणखी एक साधी चाचणी. तेथून भात्यासारखे धापा टाकत धुराचे लोट येत असतील, तर दाब रिंगांच्या बाजूने खाली गळत आहे. ऑइलचा काळा रंग पाहून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात काजळीमुळे ताजे ऑइलही लवकर काळे पडते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, हे निश्चित.

सांगाडा आणि खुणा

इंजिन पुन्हा बांधता येते. सांगाडा सहसा बांधता येत नाही. सुमो किंवा बोलेरो यांसारख्या गाड्यांचा वरचा देह शिडीसारख्या पोलादी चॅसीवर बसविलेला असतो. गाडीखाली शिरून या चॅसीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या सांध्यांवर गंज, तडे किंवा नव्या वेल्डिंगच्या खुणा आहेत काय ते पाहावे. ताजा काळा रंग फासलेली चॅसी अधिक बारकाईने पाहिली पाहिजे. पोती वाहिलेल्या गाडीचे मागचे पाटे सपाट झालेले असतात आणि मोकळी गाडीही मागे झुकलेली दिसते.

किलोमीटर दाखविणाऱ्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते, कारण तो मागे फिरविता येतो. क्लचच्या पायटीवरील रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि चालकाच्या आसनाची खचलेली बाजू ही अधिक सत्यवादी साक्षीदार होत. टायरवर चार अंकी खूण असते. तीतील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आकडा चाळीस हजार किलोमीटरचा आणि टायर तिसऱ्यांदा बदललेले, अशी विसंगती आढळली तर विक्रेत्याच्या इतर विधानांचेही वजन कमी करावे.

कागदपत्रांचे आयुष्य

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा खर्च आणि तपासणीत नापास होण्याचा धोका किमतीत धरलाच पाहिजे.

बरुआसागरच्या बाबतीत दोन गोष्टींमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. पहिली म्हणजे राज्याची सीमा. गाव उत्तर प्रदेशात आहे, पण ओरछा आणि निवाडी ही जवळची ठिकाणे मध्य प्रदेशात आहेत. पलीकडची गाडी स्वस्त मिळाली तरी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि नवा क्रमांक हे सोपस्कार उरतात. दुसरी गोष्ट म्हणजे दिल्ली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना राजधानी क्षेत्रात मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये ही सवलत भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरती सीमित केली. झाशी जिल्हा राजधानी क्षेत्राबाहेर असल्याने तेथे निरुपयोगी ठरलेली गाडी येथे उपयोगी पडू शकते. इंजिनात काहीही न बदलता एका आदेशाने गाडीचे मोल कसे हलते, याचे हे उत्तम उदाहरण होय. तथापि ना-हरकत प्रमाणपत्र नसलेली दिल्लीची गाडी कितीही चकचकीत असली, तरी तिचे कागदी आयुष्य शून्य समजावे.

नोंदणीपत्रावरील इंजिन व चॅसीचे क्रमांक प्रत्यक्ष कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरविल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हिशेब

आता हे सारे रुपयांत कसे आणावे? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, निर्दोष स्थितीतील बारा वर्षांच्या वॅगनला स्थानिक बाजारात ३,००,००० रुपये मिळतात. समोरच्या गाडीला टायर (२५,०००), पंप-नोझलची दुरुस्ती (२०,०००), क्लच (१२,०००) आणि पाटे (८,०००) यांची गरज आहे; कागदपत्रांसाठी २०,००० लागतील. एकूण ८५,००० वजा केल्यावर तिचे मोल २,१५,००० उरते. खरेदी आणि दुरुस्ती मिळून ३,००,००० खर्च झाले, गाडी आठ वर्षे चालली आणि अखेरीस ६०,००० रुपयांना गेली, तर दरवर्षी ३०,००० रुपये पडतात.

शेजारीच १,४०,००० रुपयांना निळा धूर सोडणारी गाडी उभी आहे. तिच्या इंजिनाला ९०,००० लागतील, पण गंजलेली चॅसी तीन वर्षांहून अधिक टिकणार नाही. अखेरीस भंगाराचे ५०,००० आले, तरी वर्षाला ६०,००० रुपये पडतात. स्वस्त गाडी दुप्पट महाग ठरली, ती अशी.

विकणाऱ्याची जबाबदारी

हा हिशेब विकणाऱ्याच्याही हिताचा आहे. दुरुस्तीच्या पावत्या जपणारा मालक आपली किंमत पुराव्यानिशी सांगू शकतो. परंतु पैसे हाती आले म्हणजे व्यवहार संपला, असे मात्र नाही. कायद्याप्रमाणे विक्रेत्याने त्याच राज्यात १४ दिवसांत हस्तांतरण कळवावे आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आपले नाव लावून घ्यावे. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या खटल्यातील गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते.

तेव्हा कोऱ्या अर्जावर सही करून किल्ली देणारा मालक गाडी विकतो, पण तिचा धोका स्वतःजवळच ठेवतो. घेणाऱ्याने गाडीचे उरलेले आयुष्य मोजावे आणि विकणाऱ्याने आपली उरलेली जबाबदारी संपवावी. दोघांनीही एवढे केले, तरच ठरलेली किंमत ही त्या गाडीची खरी किंमत म्हणता येईल.