पॉलिहाउसच्या पडद्याच्या मोटरला सेन्सरची जोड : घरच्या घरी करताना काय सांभाळाल?

नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाउसमध्ये तापमान राखण्याचे मुख्य साधन म्हणजे बाजूचे पडदे. अनेकांनी ते हाताने फिरवायच्या हँडलऐवजी २४ व्होल्ट डीसी मोटरवर घेतले आहेत. पण बटण दाबायला माणूस लागतोच. दुपारी शेतावर कोणी नसेल आणि पडदे बंद राहिले, तर आतील तापमान झपाट्याने चढते. ढोबळी मिरचीत तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की फुलगळ होते. उलट, अवकाळी वाऱ्यात पडदा उघडा राहिला तर प्लॅस्टिक फाटते. म्हणून मोटरला सेन्सर जोडणे फायद्याचे ठरते. गॅरेजचे दार मोटरने उघडते-मिटते, तेच तत्त्व येथे आहे : मोटर, दोन टोकांना थांबा आणि हुकूम देणारा नियंत्रक.

लागणारे साहित्य
- ईएसपी-३२ सारखा छोटा नियंत्रक बोर्ड
- तापमान-आर्द्रता सेन्सर : डीएचटी-२२ स्वस्त आहे, पण सतत दमट हवेत त्याचे रीडिंग सरकू शकते. एसएचटी-३१ महाग, पण जास्त भरवशाचा.
- दोन रिले, मर्यादा स्विच, फ्यूज, पाणीरोधक पेटी
- वारा मोजणारे यंत्र व पाऊस सेन्सर (शक्य असल्यास)

रिले घेण्याआधी मोटरची पाटी वाचा. १०० वॅट, २४ व्होल्टची मोटर चालताना सुमारे ४ अँपिअर घेते. सुरू होताना प्रवाह कितीतरी जास्त असतो. त्यामुळे रिलेची डीसी क्षमता किमान १० अँपिअर असावी. एसीची क्षमता पाहून डीसीसाठी रिले निवडू नका.

जोडणी

डीसी मोटरची दिशा बदलायची तर धन-ऋण टोकांची अदलाबदल करावी लागते. दोन्ही रिलेंचे मधले टोक मोटरच्या एकेका वायरीला जोडा. दोन्हींचे ‘एनसी’ टोक ऋणाला आणि ‘एनओ’ टोक धनाला द्या. पहिला रिले ओढला की पडदा उघडतो, दुसरा ओढला की बंद होतो. चुकून दोन्ही एकदम ओढले गेले, तरी मोटरच्या दोन्ही वायरींवर सारखाच दाब येतो. मोटर थांबते, शॉर्ट होत नाही. दिशा बदलताना मध्ये २ सेकंदांची विश्रांती द्या.

मर्यादा स्विच ‘एनसी’ पद्धतीने, त्या-त्या दिशेच्या रिलेच्या हुकूम-वायरीत टाका. वायर तुटली तर मोटर थांबेल, धावत राहणार नाही. हाच स्विच मोटरच्या वायरीत टाकला, तर टोकाला गेलेला पडदा परतही फिरणार नाही. काही रोल-अप मोटरमध्ये मर्यादा आतच असते. ती आधी हाताने सेट करून घ्या.

सेन्सर कुठे लावाल?

पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, पॉलिहाउसच्या मध्यभागी, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या आडोशात लावा. थेट ऊन पडले तर तो हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो. फॉगरचे पाणी थेट अंगावर येऊ देऊ नका.

नियम कसे ठरवाल?

उघडण्याचा आणि बंद करण्याचा आकडा एकच ठेवू नका. मोटर सतत मागे-पुढे होईल. ढोबळी मिरचीसाठी ३० अंशांना उघडा, २६ ला बंद करा, असे अंतर ठेवा. पीक व हंगामानुसार आकडे बदला. प्राधान्यक्रम असा :
1. हाताचे बटण व मर्यादा स्विच
2. जोराचा वारा किंवा पाऊस : पडदा बंद
3. तापमान
4. आर्द्रता : पहाटे पानांवर दव साचत असेल तर सूर्योदयानंतर पडदा थोडा उघडा

पडदा पूर्ण फिरायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा. ३ मिनिटे लागत असतील तर साडेतीन मिनिटांनंतर मोटर बंद व्हावी, अशी सूचना नियंत्रकात ठेवा. मर्यादा स्विच निकामी झाला तरी नळी व प्लॅस्टिक वाचते.

दिवसा सेन्सरकडून रीडिंग आले नाही आणि वारा-पाऊस नसेल, तर पडदा उघडावा व भोंगा वाजावा. बंद पडद्यातली दुपार पिकाला सर्वांत महाग पडते. इंटरनेट नसले तरी हे नियम बोर्डावरच चालले पाहिजेत. मोबाइल फक्त पाहण्यासाठी. भारनियमन असेल तर मोटर बॅटरीवर घ्या.

चालू करण्यापूर्वी
- मोटर न जोडता बोर्ड चालू-बंद करून पाहा. सुरू होताना रिले क्षणभर ओढला जात असेल तर ते आधी दुरुस्त करा.
- सेन्सरशेजारी साधा तापमापक ठेवून सकाळ-दुपारचे आकडे पडताळा. पुढे दर तीन महिन्यांनी हे करा.
- पहिला आठवडा माणूस हजर असतानाच यंत्रणा चालवा. फिरणाऱ्या नळीत हात, ओढणी किंवा दोरी अडकू शकते. मोटरजवळ तातडीने बंद करण्याचे बटण हवेच.
- २३० व्होल्टची बाजू, अर्थिंग व ईएलसीबी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.
- हाताचे हँडल काढून टाकू नका. यंत्रणा बंद पडेल त्या दिवशी तेच उपयोगी पडेल.