बारमाही वाडी

आपल्या बालाघाट जिल्ह्यात प्रत्येक शेतकऱ्याची खरे तर दोन शेते असतात. एक धानाची बांधी आणि दुसरी घरामागची वाडी. बांधीची काळजी सारे घर करते. वाडीकडे मात्र वेळ उरला तरच लक्ष जाते.

गावोगावी जाताना आम्ही पाहतो की नाताळाच्या सुमारास वाडी पालक, मेथी, मुळा आणि पोपटाच्या शेंगांनी भरलेली असते. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू झाली की तीच वाडी गवताने भरते. बाजारात भाजी महाग, आणि जायला सवडही नसते. ताटात भात, पातळ वरण आणि चटणी एवढेच येते. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला सकस अन्नाची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच वाडी रिकामी असते. दुसरा असाच रिकामा काळ वैशाख-ज्येष्ठात येतो.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाजी व फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात बटाटा धरलेला नाही. पाच माणसांच्या घरात हे रोजचे दोन किलो होते. एवढे सगळे वाडीतून निघणार नाही. पण रोज एक हिरवी भाजी नक्की निघेल. त्यासाठी वर्षाची आखणी हवी.

पावसाळा. मृगाच्या सरी पडल्या की मांडवाजवळ दोडके, कारले, भोपळा आणि काकडीचे आळे करावे. भेंडी, बरबटी, अंबाडी व पोपट याच वेळी लावावेत. वांगी व मिरचीचे रोप उंच गादी वाफ्यावर टाकावे, म्हणजे पाणी साचून मूळ कुजणार नाही. वाडीतले पाणी बाहेर जाण्यासाठी चर काढावा. ही कामे रोवणीआधीच उरकावीत, कारण नंतर हात मोकळे नसतात. वेलांच्या बुडाशी हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. साप चावलाच तर झाडफुंकीत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

रोवणीच्या दिवसांसाठी मुनगा, म्हणजेच शेवगा, हा खरा सोबती आहे. मनगटाएवढी जाड व हातभर लांब फांदी पावसाच्या सुरुवातीला कुंपणाशी रोवली की ती जगते. शेंगा लागेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. कोवळ्या पानांची भाजी मूग किंवा तुरीच्या डाळीत छान होते. झाड फार उंच जाऊ देऊ नये. दरवर्षी छाटावे, म्हणजे पाला हाताला येतो.

हिवाळा. टमाटर व फुलकोबीचे रोप सप्टेंबरातच तयार ठेवावे. हस्ताचा पाऊस सरला की पालक, मेथी, मुळा, सांभार, गाजर, कांदा व लसूण लावावा. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. पालक-मेथी महिनाभरात कापणीला येते. म्हणून दर पंधरा दिवसांनी एक लहान वाफा पेरावा. तसे न केल्यास एका आठवड्यात भाजी जनावरांना घालावी लागते आणि पुढच्या आठवड्यात विकत आणावी लागते.

उन्हाळा. फेब्रुवारीत चवळाई, भेंडी, ढेमसे, काकडी आणि भोपळा लावावा. अडचण पाण्याची असते. आंघोळीचे व भांडी विसळल्याचे पाणी अंगणात वाया न घालवता चरातून केळी, पपई व मुनग्याकडे न्यावे. हे पाणी पालेभाजीवर मात्र घालू नये. वाफ्यावर धानाची तणस अंथरली तर ओल टिकते. पाणी संध्याकाळी द्यावे.

पिकविलेल्या भाजीचे सत्त्व पोटात जाणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि शिजविलेले पाणी फेकू नये. भाजीतील लोह अंगी लागायला आंबट वस्तूची मदत होते. म्हणून जेवताना लिंबू, कच्चे टमाटर किंवा आवळा घ्यावा. जेवणाला लागून चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते. पाला, पिवळा भोपळा व पपई यांतून ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. ते कमी पडले की मुलांना रातांधळेपणा येतो. ते अंगी लागायला थोडे तेल लागते, म्हणून मुलांच्या भाजीत चमचाभर तेल असावे.

तरीही भाजी म्हणजे औषध नव्हे. धाप लागणे, पांढरे पडलेले डोळे, सतत थकवा दिसल्यास रक्त तपासून घ्यावे. आपल्या भागात व शेजारच्या विदर्भात सिकलसेलचा आजारही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

एक धोक्याची सूचना. धानावर मारून उरलेले औषध वांग्या-भेंडीवर मारण्याची सवय काही घरांत आहे. ती सोडावी. वाडीतली भाजी सकाळी तोडून दुपारी मुलांच्या ताटात जाते. औषधाचा अंश उतरायला वेळच मिळत नाही. त्याऐवजी अर्धा किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून थोडा साबण मिसळावा आणि संध्याकाळी फवारावी. कीड पडलेली फळे व शेंडे तोडून जाळून टाकावेत.

शेवटी बियाण्याविषयी. दोडके, भोपळा, बरबटी व पोपट यांची जोमदार झाडे निवडून त्यांची काही फळे बियांसाठी राखावीत. ती वेलावरच पिकू-वाळू द्यावीत. बी सावलीत सुकवून राख मिसळून डब्यात ठेवावे. पाकिटातील संकरित बियाण्याचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत तसे फळ येत नाही.

घरात कागदावर बारा महिने लिहावेत आणि प्रत्येक महिन्यासमोर वाडीतून मिळणारी एक भाजी मांडावी. जो महिना रिकामा राहील, त्याची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. आषाढ-श्रावणासमोर मुनगा आधीच लिहून टाकायला हरकत नाही.