शेहेचाळीस तास उभे राहण्याचे व्रत

इंदूरहून मुंबईला जाणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसच्या डब्यात संध्याकाळी एखादे तरी कुटुंब असे दिसते की, ते लग्नकार्याला अगर सुट्टीला निघालेले नाही हे पाहताक्षणी कळते. मुलाच्या तोंडाला मास्क बांधलेला असतो, डोक्यावर टोपी ओढलेली असते, आणि बापाच्या काखेत जाड्याजुड्या कागदांची एक पिशवी असते. ती पिशवी तो क्षणभरही खाली ठेवीत नाही. ही मंडळी परळला जातात. माळव्यातील आपल्यासारख्या जुन्या मराठी घरांना परळ हा शब्द पूर्वी गिरण्यांमुळे व नातेवाईकांच्या चाळींमुळे माहीत होता. आता तो अनेकांना टाटा स्मारक रुग्णालयामुळे माहीत आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि टाटांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णालय उभे राहिले. त्याला आता आठ दशके उलटून गेली आहेत.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांना काही वर्षांपूर्वी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन अशीच वारी करावी लागली. मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हा रक्ताचाच, आणि त्यावरील उपचार एकदोन महिन्यांत आटोपत नाहीत. ते दोन ते तीन वर्षे चालतात. या गृहस्थांच्या सांगण्यातील एक गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. औषधांचे, म्हणाले, कसेबसे जमले. कोणी ट्रस्टने दिले, काही सरकारी योजनेतून आले. त्यांना खाल्ले ते खोलीच्या भाड्याने, रोजच्या जेवणाने, बुडालेल्या पगाराने आणि घरी आजीपाशी ठेवलेल्या धाकट्या मुलीच्या काळजीने. रोगाचे बिल रुग्णालय लिहिते, परंतु या दुसऱ्या बिलाचा हिशेब कोणीच ठेवीत नाही.

या दुसऱ्या बिलाचा विचार करीत असतानाच अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या एका उपक्रमाची हकीकत मी वाचीत गेलो. ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले, कारण तिच्यात आपल्याला परके वाटेल असे थोडे आणि अगदी ओळखीचे वाटेल असे पुष्कळ आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी, डोंगरांनी वेढलेल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पेन स्टेट हे मोठे विद्यापीठ आहे. तेथे दर वर्षी फेब्रुवारीत, ऐन थंडीत, विद्यार्थी एक नाच करतात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आरंभ होतो आणि रविवारी दुपारी चारला शेवट. या शेहेचाळीस तासांत नाचणाऱ्यांनी बसावयाचे नाही व झोपावयाचे नाही. या समारंभाला ते 'थॉन' म्हणतात. मॅरॅथॉन या शब्दाचे हे शेपूट आहे.

हे वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. मुले कर्करोगाने आजारी, आणि त्यांच्या नावाने हे नाचतात काय! माझ्याही पडल्या होत्या. तथापि आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताह आठवावा. गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी उभाच असतो, वीणा खाली टेकू द्यावयाची नाही हा नेम. फरक इतकाच की, आपल्या सप्ताहात पहारे बदलतात, एकाच्या गळ्यातील वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. या पोरांचा पहारा बदलत नाही. एखाद्या गोष्टीसाठी झोप टाकणे आणि पाय दुखवून घेणे हे मनुष्याला फार जुन्या काळापासून कळते. तिकडे त्याला संगीताचा ठेका निराळा, एवढेच.

आरंभ १९७३ साली झाला, आणि तो अगदी साधा होता. विद्यापीठातील एका दालनात ३९ जोड्या, म्हणजे ७८ विद्यार्थी, ३० तास नाचले आणि दोन हजारांहून थोडे अधिक डॉलर जमले. त्या वेळी ही रक्कम मतिमंद मुलांच्या एका संस्थेला गेली. कर्करोगाचा संबंध तेव्हा आलेलाच नव्हता. वसतिगृहांतून राहणाऱ्या खुशालचेंडू पोरांनी काही चांगले करून दाखवावे, इतकीच मूळची कल्पना होती. पुढच्याच वर्षी ३० चे ४८ तास झाले. २००७ पासून समारंभ पंधरा हजार माणसे मावतील अशा एका मोठ्या क्रीडागृहात भरू लागला आणि तास ४६ झाले.

कर्करोगाशी गाठ पडली ती १९७७ साली, आणि ती एका मुलाच्या गोष्टीमुळे. ख्रिस्तोफर मिलार्ड हा अकरा वर्षांचा असताना त्याला कर्करोग असल्याचे कळले. तीन वर्षे झुंजून १९७२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो गेला. जाण्यापूर्वी त्याने एक कथा लिहून ठेवली होती. तिच्यात एका तरुण सरदाराला एक चेटकीण कैदेत टाकते. धैर्य, शहाणपण, प्रामाणिकपणा आणि बळ असे चार हिरे मिळविल्यावाचून त्याची सुटका नाही. शाळकरी पोराने लिहिलेली ही परीकथाच, परंतु ती लिहिणारा स्वतः कोणत्या कैदेत होता हे ठाऊक असल्यामुळे वाचणाऱ्याला ती निराळी वाटते. त्याचे आईबाप, चार्ल्स व इर्मा मिलार्ड, यांनी त्याच वर्षी 'फोर डायमंड्स', म्हणजे चार हिरे, या नावाचा निधी सुरू केला. आपल्या मुलाच्या उपचारांच्या काळात इतर कुटुंबांची पैशावाचून काय दशा होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. पाच वर्षांनी विद्यार्थ्यांनी आपला नाच या निधीला वाहिला. तेव्हापासून आजतागायत दुसरे दैवत त्यांनी केलेले नाही.

हा निधी करतो काय? त्याच विद्यापीठाचे हर्शी या गावी मुलांचे रुग्णालय आहे. तेथे कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाचा जो खर्च विमा कंपनी देत नाही, तो हा निधी भरतो. निधीत नाव घेतलेल्या घराच्या दारात उपचाराचे बिल येतच नाही. इतक्या श्रीमंत देशात बापाला मुलाच्या औषधासाठी पोरांच्या नाचाचा आधार का लागावा, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि तो रास्तच आहे. तिकडील विम्याची व्यवस्था हे एक मोठे जंगल आहे, त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एवढे खरे की, विमा असूनही मोठा आकडा घरच्यांच्या अंगावर पडतो. बिलापलीकडे प्रवासासारख्या अडचणींतही निधी हात देतो, आणि जमलेल्या पैशातील मोठा वाटा संशोधनाला जातो.

ही रक्कम आता लहान राहिलेली नाही. २०१३ साली एक कोटी तेवीस लाखांवर डॉलर जमले. २०२१ साली महामारीमुळे क्रीडागृह रिकामे ठेवून, ज्याने त्याने आपल्या घरून हा समारंभ करावा लागला, तरीही आकडा एक कोटीच्या खाली गेला नाही. २०२५ साली तो सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलर झाला. १९७७ पासूनची बेरीज वीस कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. हे सारे चालविणारे विशी-बाविशीतील विद्यार्थी आहेत. नाचणारे साधारण सातशे, आणि त्यांच्या पाठीशी राबणारे स्वयंसेवक सोळा हजारांच्या घरात.

पैसा नाचून मिळत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. नाच हा उद्यापनाचा दिवस. व्रत वर्षभर चालते. पूर्वी या पोरांची मुख्य पद्धत अशी होती की, शनिवार-रविवारी मोटारी भरभरून शेजारच्या शहरांत जावयाचे आणि चौकाचौकांत, दुकानांच्या दारांत, हातात डबा घेऊन उभे राहावयाचे. हे वाचताना मला अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड आठवला. माणशी एकच पैसा मागत हिंडणाऱ्या त्या गृहस्थाच्या डब्यांतून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना निघाला. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी किती जणांनी त्या डब्यात पैसा टाकला असेल! डबा ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. धनिकाचा चेक एका हाताचा असतो, डब्यात हजार हात असतात.

परंतु त्या अमेरिकन डब्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. हिवाळ्यातल्या निसरड्या रस्त्यांवर, रात्रीच्या अपुऱ्या झोपेनंतर, कोवळ्या वयाची मुले शेकडो मैल मोटारी हाकीत होती. २०११ साली अशा फेरीत एका विद्यार्थ्याचा अपघाती अंत झाला, आणि २०१५ साली पुन्हा एका विद्यार्थिनीचा. दुसऱ्याच्या मुलाला वाचविण्यासाठी आपले मूल गेले, हे त्या दोन घरांनी कसे सोसले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. त्यानंतर चालकांनी या फेऱ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या. वसुली कमी होईल अशी भीती होती, आणि पहिली काही वर्षे ती अगदी खोटी ठरली नाही. तरी निर्णय फिरविला गेला नाही. मला या साऱ्या हकीकतीत जमलेल्या कोटींपेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची वाटते. चांगल्या कामाचा जोर चढला की त्यात कोण भरडले जाते इकडे पाहण्याचे भान राहत नाही. आपल्याकडील वर्गणीबहाद्दरांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

आता त्या शेहेचाळीस तासांविषयी. दर तासाला सर्वजण मिळून एक ठरीव नाच करतात. त्याचे शब्द दर वर्षी नवे रचतात, आणि त्यात त्या वर्षीच्या घडामोडींची चेष्टा असते. त्या निमित्ताने आखडलेले पाय हलते राहतात. नाचणाऱ्यांना सांभाळणारे सोबती असतात. ते त्यांचे पाय चेपतात, बूट बदलावयास लावतात, पेंगू लागला की बोलत ठेवतात. मध्येच टपाल येते. आईबापांची, मित्रांची, ओळखी-अनोळखीची पत्रे पिशव्या भरभरून वाटली जातात, आणि दुसऱ्या रात्री अडीच-तीनच्या सुमारास, जेव्हा भिंती हलताना दिसू लागतात, तेव्हा त्या पत्रांचा उपयोग होतो.

आणि मुले? ती तेथेच असतात. हा समारंभ त्यांच्या नावाने त्यांच्या पाठीमागे होत नाही, ही त्यातील खरी खुबी. विद्यार्थ्यांच्या एकेका मंडळाशी एकेक कुटुंब जोडून दिलेले असते. वर्षभर येणेजाणे असते, वाढदिवस होतात, रुग्णालयात भेटी होतात. त्यामुळे समारंभाच्या दिवशी ती पोरे पाहुणी म्हणून येत नाहीत, यजमान म्हणून येतात. पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन ती नाचणाऱ्यांना भिजवीत हिंडतात. रंगपंचमीला आपल्या राजवाड्यापुढे जो आनंद असतो त्याचीच ही धाकटी पाती. मुले रंगमंचावर चढून आपापली कला दाखवितात. कोणी जादू करतो, कोणी बेसूर गातो, आणि पंधरा हजार माणसे त्या बेसुराला अशी दाद देतात की, आपल्या एखाद्या बुवांनाही हेवा वाटावा.

कलेने फंड जमविण्याची रीत आपल्याला नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले संयुक्त 'मानापमाना'त एकत्र उभे राहिले, त्या रात्रीच्या आठवणी सांगणारी माणसे आपल्या घराघरांत होऊन गेली. परंतु तेथे उभे राहिले ते दोन सम्राट. येथे उभी राहतात ती कॉलेजातील सामान्य पोरे, ज्यांना धड नाचताही येत नाही.

ज्या रोगासाठी हे चालले आहे त्याचाही पालट याच काळात झाला. बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ च्या सुमारास रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ॲमिनॉप्टेरिन हे औषध देऊन प्रथमच तो रोग काही काळ मागे हटविला. या जातीची औषधे ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली ते येल्लाप्रगड सुब्बाराव हे आपल्या आंध्रातील भीमावरमचे. त्यापूर्वी असे मूल काही आठवड्यांचे सोबती समजत. आज श्रीमंत देशांतील शंभरापैकी ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र, जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे, तीसही होत नाहीत. औषध तेच आहे. मूल उशिरा पोहोचते, अगर पोहोचूनही मधूनच परत नेले जाते. ते का नेले जाते, याचे उत्तर वर सांगितलेल्या दुसऱ्या बिलात आहे.

त्या बिलावर आपल्याकडे कोणीच काही केले नाही असे मात्र नाही. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. तेथे परळला उपचार घेणाऱ्या गरिबांना अल्प पैशात निवारा व अन्न मिळते. २००६ साली मुंबईत 'सेंट ज्यूड इंडिया'ने अशा मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी विनामूल्य खोल्या उघडल्या, आणि पुढे इतर शहरांतही ते काम नेले. वर ज्या गृहस्थांचा उल्लेख केला, त्यांना या जागांची माहिती पाचव्या महिन्यात कळली, तीही स्टेशनावर भेटलेल्या दुसऱ्या एका बापाकडून. मूल आता शाळेत जाते. परंतु ते पहिले पाच महिने फेडण्यास त्यांना पुढची चार वर्षे लागली. आपल्या कॉलेजांतील मुलांनी दुसरे काही न करता केवळ अवंतिकेच्या वेळेला फलाटावर उभे राहून ही माहिती लिहिलेला कागद जरी हाती दिला, तरी असे पाच महिने वाचतील.

तिकडे रविवारी दुपारी शेवटचे तास कुटुंबांचे असतात. नाच थांबतो. बरी झालेली मुले आपल्या आईबापांसह वर येतात. ज्यांची मुले राहिली नाहीत असेही आईबाप येतात, बोलतात, आणि दोन दिवस गोंगाट करणारे ते प्रचंड गृह अशा वेळी अगदी स्तब्ध असते. मग चालक विद्यार्थी एका ओळीत उभे राहून आकडे लिहिलेले फलक एकेक करून डोक्यावर धरतात. सेंटांपर्यंतचा आकडा पुरा होतो. चार वाजतात, आणि ती सातशे पोरे खाली बसतात.